ह्यांच्या गोळ्या आणि पियूषची तपासणी

४ ऑक्टोबर २०२०, रविवार
आजपासून रोज लिहायचं. पियूषवर लक्ष ठेवायचं, पण त्याला कळू द्यायचं नाही.

कोर्टाने त्याला सहा महिन्यांची कैद सुनावून ती वर्षभर स्थगित ठेवली आहे. अट एकच. अफूच्या जातीची वेदनाशामक गोळी डॉक्टरांनी त्याच्या नावाने लिहून दिल्याशिवाय घ्यायची नाही. घेतली तर आत. सायकलवरून पडला, पाठीचं ऑपरेशन झालं, गोळ्यांची सवय लागली. डॉक्टरांनी बंद केल्या तर ह्याने चिठ्ठीवरच्या एकच्या आकड्याचा चार केला. आकड्यांत तो लहानपणापासून हुशार.

देखरेखीला ऑरला नावाची प्रोबेशन ऑफिसर आहे. करोनामुळे ती फक्त फोन करते. कसा आहेस? बरा आहे. झालं. खरी ऑफिसर घरात मीच.

औषधांची पिशवी आवरली. माझी बीपीची, ॲसिडिटीची, खाली ह्यांच्या ट्रॅमाडॉलच्या, म्हणजे त्याच अफूच्या जातीच्या, पट्ट्या. एकवीस, दहा-दहा गोळ्यांच्या. डॉक्टरांनी तीन महिन्यांच्या लिहून दिल्या होत्या, हे त्यानंतर एकोणीस दिवसच जगले. चिंचवडहून तीन महिन्यांसाठी निघाले तेव्हा फेकवेनात, आणि आता आठ महिने इथे परदेशात, ओंगारला पियूषकडेच अडकले आहे. शेजारची केतकी औषध कंपनीत तपासणीचं काम करते. ती म्हणाली, काकू, पियूषच्या घरात ह्या गोळ्या म्हणजे कमाल आहे तुमची, उद्याच फार्मसीत परत देऊन टाका. देईन. पाऊस थांबला की.

२५ ऑक्टोबर, दसरा
पाऊस चालू.
पट्ट्या सतरा. मागच्या वेळी मोजताना चष्मा नव्हता बहुतेक.
पियूष जेवत नाही, दुपारी मीटिंगमध्येच पेंगतो. म्हणतो, आई, इथे उजेडच नसतो गं, सगळे असेच असतात. पटलं.
पिशवी हॉट प्रेसमध्ये हलवली, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटात. टॉवेलांच्या मागे. कुलूप घ्यायचा विचार होता. पण कुलूप पाहिलं की त्याला वाटेल, आईला संशय आहे. संशय नाहीच आहे.

१४ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन
अनारसे जाळीदार झाले. ओंगारमध्ये असे कोणाचे होत नाहीत, केतकीनेच कबूल केलं. पियूषने सहा खाल्ले. भूक आली म्हणजे तब्येत सुधारते आहे.
ऑरलाचा निरोप आहे. बुधवारी ऑफिसात बोलावलंय, लघवीची तपासणी. मी म्हटलं, बरंच झालं, एकदाचं लेखी मिळेल. तो ताट उचलून आत गेला. लाजाळू आहे.
पट्ट्या तेरा. पट्टीला पट्टी चिकटते ह्या टाकीच्या उबेने.

२ डिसेंबर, बुधवार
रिपोर्ट पॉझिटिव्ह.
मशीन चुकलं असणार. चार तास वाचत बसले, डिक्शनरी शेजारी. आणि सापडलं! खसखस! खसखस खाऊन तपासणीत अफू दिसते. अनारसे कशावर थापतात? खसखशीवर. पोराला मीच गोत्यात आणलं, पण निर्दोष गोत्यात. उरलेले अनारसे डब्यात भरले. पुरावा म्हणून ऑरलाला नेऊन देणार.

केतकीला दारातूनच सांगितलं. तिने रिपोर्ट मागून घेतला, वाचला आणि म्हणाली, काकू, ह्यात ट्रॅमाडॉल लिहिलंय. ते कारखान्यात बनतं. तुम्ही पोतंभर खसखस खाल्लीत तरी ते यायचं नाही. मग हळूच म्हणाली, पट्ट्या दिल्यात ना परत?
म्हटलं, हो.
हिला कंपनीत फार डोक्यावर बसवलंय.

३ डिसेंबर, गुरुवार
पहाटे सुचलं. एवढी साधी गोष्ट! चिठ्ठी असली तर गुन्हा नाही, आणि चिठ्ठी तर माझ्याकडे आहे. डॉक्टरांची सही, शिक्का, सगळं. वर नाव पद्माकर गोविंद पेंडसे. कोर्टाच्या कागदावर पियूष पद्माकर पेंडसे. आपल्याकडे मुलाच्या नावात बाप असतोच. तीनपैकी दोन नावं जुळतात. औषधही तेच. बापाचं मुलाला लागू होतं, घराचं होतं तसं.
पियूषला विचारलं नाही. उगाच संकोचेल. फोटो काढला, ऑरलाला ईमेल केला, पट्ट्यांचासुद्धा फोटो जोडला, म्हणजे औषध खरं आहे ह्याची तिला खात्री पटेल.
आज शांत झोप लागेल.

९ डिसेंबर, बुधवार
ऑरलाचा फोन. बाई सभ्य आहे. विचारलं, पद्माकर म्हणजे कोण? त्यांच्याशी बोलता येईल का? मी सांगितलं, गेल्या वर्षी गेले. ती म्हणाली, सो सॉरी. खरंच वाईट वाटलं तिला. मग म्हणाली, त्या गोळ्या आता कुठे आहेत? म्हटलं, संपल्या. ती म्हणाली, तुमचा ईमेल मला रिपोर्टला जोडावाच लागेल.
पियूषला कळलं. ओरडला नाही. म्हणाला, आई, मी तिला सांगितलं होतं की घरात काही नाही. तू फोटो पाठवलास. तारखेसकट.
रात्रभर त्याला घाम आणि थंडी. हीटिंग वाढवलं.
उरलेल्या उद्या नक्की परत.

२६ डिसेंबर, शनिवार
फार्मसी बंद. नाताळ.
बारा जानेवारीला कोर्ट. माझं ठरलंय. उभं राहून सांगायचं, युअर ऑनर, मीच दिल्या, त्याला माहीत नव्हतं, तो समजला क्रोसीन आहे. आरशापुढे अकरा वेळा म्हटलं. अकराव्या वेळी मलाही खरं वाटलं.

१२ जानेवारी २०२१, मंगळवार
आत सोडलं नाही. करोनाचे नियम, फक्त वकील आणि आरोपी. दाराशी उभ्या गार्डला मी सांगितलं की मी साक्षीदार आहे. तो म्हणाला, यादीत नाव नाही, मॅम. मग खुर्ची आणून दिली.
चाळीस मिनिटं. मनातल्या मनात वाक्य म्हणत होते.
वकील बाहेर आला. म्हणाला, पियूषने स्वतःच सांगितलं, आईला काही माहीत नव्हतं, तिच्या पिशवीतून मी चोरल्या. सहापैकी तीन महिने भोगायचे. व्हिसाचं नंतर बघू. पियूषला मागच्या दाराने नेलं होतं. त्याचा कोट माझ्याकडेच होता.

१३ जानेवारी, बुधवार, सकाळी ११
तुरुंगातून नर्सचा फोन. पियूष रात्रभर उलट्या करतोय, हातपाय थरथरतात. गोळी एकदम थांबली की असं होतं, म्हणाली, नेमकं किती घेत होता ते कळलं तर डॉक्टर हळूहळू कमी करतील. तो म्हणतो, आठवत नाही. घरात तुम्ही दोघंच होता ना?
मी म्हटलं, मला काही कल्पना नाही.
तिने फोन ठेवला नाही.
मग मी सांगितलं. शंभर मिलिग्रॅमच्या दोन. सकाळी चहानंतर एक, संध्याकाळी मी दिवा लावत असताना एक. पाच ऑक्टोबरपासून.
तिने लिहून घेतलं. म्हणाली, खूप मदत झाली.