सात नंबरची पेटी

मी, अय्युब कासिम बागवान, वय ७४, निवृत्त भूवैज्ञानिक, राहणार कात्रज, पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने करीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मी भानावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पत्नी जरीना हिचे मत वेगळे आहे, ते जोडलेले नाही. दोन्ही डोळ्यांना आता मधले दिसत नाही, कडेचे तेवढे दिसते. म्हणून मजकूर मी सांगितला, वकील दिग्विजय शितोळे यांनी टाइप केला आणि मुलगी अरिबा हिने मला दोनदा वाचून दाखवला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. घर व ठेवी. कात्रजचा फ्लॅट आणि बँकेतल्या ठेवी जरीना, मुलगा फैझल आणि अरिबा यांच्यात आमच्या कायद्याने ठरलेल्या हिश्श्यांप्रमाणे जातील. तिथे माझ्या इच्छेला कोणी विचारत नाही. मृत्युपत्रात मला एक तृतीयांशापुरतेच बोलता येते, असे वकिलांनी समजावले. एवढीच विनंती, की जरीना आहे तोवर फ्लॅट विकू नये. आणि गॅलरीतल्या माझ्या दगडांच्या पेट्या हलल्या की तिने त्याच दिवशी तिथे कुंड्या मांडू नयेत. चार दिवस थांबावे.

कलम २. हातोडा. माझा दगड फोडायचा हातोडा आणि होकायंत्र फैझलला आठवण म्हणून द्यावे. तो बंगळूरला संगणकाच्या कंपनीत आहे. दगडांत त्याला रस नाही, पण कुठेही भूकंप झाला की मला फोन करतो, जणू मीच केला. वापरणार नसेल तर निदान भंगारात घालू नये.

कलम ३. दगड. भारताचा भूभाग आशियाला धडकला तेव्हा त्याची कड किती खोल गेली, हे शोधण्यात माझे आयुष्य गेले. तिथवर कोणी उतरू शकत नाही. पण पर्वत उचलले जाताना तळचे काही दगड वर येतात, आणि त्यांतल्या गार्नेटच्या खड्यात तो किती दाबाखाली, किती खोलीवर घडला याची खूण राहते. खडा डाळिंबाच्या दाण्याएवढा असतो आणि त्याच रंगाचा.

१९९६ साली लडाखमधल्या दोन खोऱ्यांतून मी बारा पेट्या दगड आणले. पेट्या अब्बांच्या. मार्केट यार्डात त्यांचा डाळिंबांचा गाळा होता. मी नोकरीला होतो त्या संस्थेकडून खोकी मिळवायला तीन सह्या लागत, अब्बांना नुसती हाक पुरे. त्यांचे लॉटचे जुने आकडे मी खरवडून काढले आणि गाळ्यावरून नेलेल्या लाल रंगाने, तिथेच पेट्या भरताना, माझे घातले: एक ते सहा उत्तरेचे खोरे, सात ते बारा दक्षिणेचे. गोळा केलेल्या दगडावर तिथल्या तिथे नंबर रंगवायचा, हा आमच्या कामाचा पहिला नियम. पण बर्फ पडायला लागले, बोटे बधिर झाली, आणि मी म्हणालो, पेटीवर नंबर आहे ना, दगडांवर पुण्याला गेल्यावर घालू.

पुण्यात उतरवताना सात नंबरच्या दोन पेट्या निघाल्या आणि तीन नंबरची एकही नाही. तीन नंबरची वाटेत हरवली, असे मी वहीत लिहिले. ट्रकचालक रामदास याच्यावर ठपका ठेवला. त्याचे संस्थेचे काम सुटले. पेट्या बाराच्या बारा आहेत, हे मोजून पाहावेसे मला वाटले नाही. त्या दोन सातांपैकी एकीतले दगड नव्वद किलोमीटर खोल जाऊन आलेले होते. दक्षिणेच्या खोऱ्यात असे काही मिळेल, असे कोणालाच वाटले नव्हते. मी त्यावर लेख लिहिला, आणि पुढे त्या लेखावरच जगलो.

गेल्या वर्षी संस्थेने दगडांची खोली रिकामी केली आणि पेट्या माझ्या घरी आल्या. अरिबा त्या पुसत होती. ती म्हणाली, "अब्बा, हा सात तुमचा नाही. दादाअब्बांचा आहे." माझ्या वडिलांना सातच्या पोटात टिंब द्यायची सवय होती, एक आणि सात यांत घोळ नको म्हणून. त्या पेटीवरचा त्यांचा सात खरवडायचा राहिला होता, आणि माझा ओला तीन बर्फाने पुसला गेला होता. मी त्या टिंबावर बोट ठेवून बसलो. मला अब्बांचा राग आला, हेही लिहून ठेवतो. त्यांनी तर फक्त डाळिंबे मोजली होती.

कलम ४. प्रेमला दत्तोबा घुले, राहणार मांजरी बुद्रुक, या माझ्या विद्यार्थिनी. पीएच.डी.साठी त्या दोन उन्हाळे दक्षिणेच्या खोऱ्यात राहिल्या आणि चाळीस दगड घेऊन आल्या. मला म्हणाल्या, "सर, तिथला दगड इतका खोल गेलेलाच नाही." मी म्हणालो, "मग तू चुकीच्या जागी हातोडा मारलास." चार लोकांसमोर म्हणालो, लोक हसले, आणि मला ते आवडले. २००९ साली त्यांच्या प्रबंधावर मी सही केली नाही.

त्यानंतर त्यांचे वडील दत्तोबा मला भेटायला आले. ऊस लावणारे गृहस्थ. काकवीचा डबा घेऊन आले होते. म्हणाले, "पोरगी खोटं बोलत न्हाई, साहेब. तुमीच एकदा परत बगा." बघतो म्हणालो. काकवी आम्ही महिनाभर खाल्ली. पेट्या मी उघडल्या नाहीत. दत्तोबा चार वर्षांपूर्वी वारले. प्रेमला घुले मांजरीच्या शाळेत विज्ञान शिकवतात. मी त्यांना तीन पत्रे पाठवली, उत्तर आले नाही. का यावे?

सर्व पेट्या, वह्या, सूक्ष्मदर्शक आणि माझ्या नावावरचे संशोधन दुरुस्त करण्याचा अधिकार मी प्रेमला घुले यांना देत आहे. माझ्या एक तृतीयांशात देण्यासारखे एवढेच आहे.

कलम ५. दुरुस्ती व पदक. दुरुस्तीसाठी मी तो लेख छापणाऱ्या नियतकालिकाला कळवले. नवी मोजमापे पाठवा, असे उत्तर आले. मोजायला मला दिसत नाही. प्रयोगशाळेला विचारले, तर जागेची खात्री नसलेले दगड आम्ही घेत नाही, म्हणाले. त्या लेखाच्या आधारावर आजवर एकशे चाळीस लेख निघाले आहेत, आणखी निघतील. मी कोणाचा हात धरू शकत नाही. त्या लेखासाठी मिळालेले पदक परत घ्या असे लिहिले, तर पदक परत घेण्याची तरतूद नाही, असे छापील पत्र आले. रामदासचा पत्ता कोणाला माहीत नाही. अरिबाने शोध चालू ठेवावा आणि पदक कपाटात मागे ठेवावे.

कलम ६. दफन नेहमीच्या कब्रस्तानात, अब्बांच्या जवळ जागा मिळाल्यास तिथे करावे. भाषणे नकोत. कबर किती खोल असावी याबद्दल माझे म्हणणे कोणी प्रमाण मानू नये.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर. वरील मसुद्याची प्रत अरिबा मांजरीला देऊन आली होती. आज सहीच्या वेळी प्रेमला घुले स्वतः आल्या, सोळा वर्षांनी. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. कडेने साडीचा हिरवा रंग दिसला. मी बसा म्हणालो, त्या बसल्या नाहीत. मजकूर उभ्यानेच वाचला, मग गॅलरीत पेट्यांपाशी गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

परत आल्यावर त्यांनी साक्षीदार कोण, असे विचारले. एक शेजारी हजर होते, दुसरे यायचे होते. दुसरी सही आपण करतो, असे त्या म्हणाल्या. वकिलांनी समजावले, की ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये; सही केलीत तर कलम चार सोडावे लागेल.

"म्हणूनच करते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "सर, दगड घेतले तर उद्या लोक म्हणतील, दगडांसाठी बोलली."

माफीचे वाक्य मी महिनाभर पाठ केले होते. तोंड उघडले आणि मी त्यांना चहा घेणार का, असे विचारले. त्या नको म्हणाल्या.

कलम चार रद्द समजावे. दगड दुसऱ्या कोणाला द्यायचे ते मला सुचत नाही. वकिलांच्या सल्ल्याविरुद्ध जागा कोरी ठेवली आहे: सर्व पेट्या ____________ यांना द्याव्यात.

सही: अय्युब कासिम बागवान (सहीची जागा अरिबाने बोट धरून दाखवली)

ठिकाण: कात्रज, पुणे
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

आमच्यादेखत सही झाली:

साक्षीदार १: संतोष खोपडे, शेजारी.

साक्षीदार २: प्रेमला दत्तोबा घुले, मांजरी बुद्रुक.
(सहीखाली त्यांच्या हस्ताक्षरात) पेटी पाहिली. सात डाळिंबांचा आहे. दगड उत्तरेचे.