आधी विचारायचं

९ मार्च, रविवार

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. दुकानात गणवेशांची गर्दी आहे, काजं करून करून वहिनी वैतागली आहे, आणि बोका मशीनवरच झोपतो म्हणून कामं खोळंबतात.

तुझं पत्र मिळालं. ‘आम्ही आता बाळाचा विचार करतोय’ ही ओळ वहिनीने दोनदा वाचून दाखवली. मी हसलो. हसायला हवं होतं.

इस्पितळाच्या नीतिसमितीत मी होतो, आठवतं? संशोधनात माणसांना इजा होत नाही ना, हे पाहणारी मंडळी. त्यात डॉक्टर नसलेला एकजण लागतो, म्हणून तुझा दादा. तू चिडवायचीस, “तिथे काय बटणं लावतोस?” शेवटी आलं ते आत्याच्या आजाराचं संशोधन. घराण्यातून उतरणारा, हातपाय ताब्यात न ठेवणारा, उपाय नसलेला आजार. एकाचा निकाल वाईट आला, तर भावंडांना सांगायचं का?

मी म्हणालो, आधी विचारा, जाणून घ्यायचंय का. नाही म्हणाले तर गप्प बसा. आणि निकाल चांगला असेल तर विचारूच नका, उगाच जिवाला घोर कशाला? सगळ्यांनी माना डोलावल्या. अध्यक्षबाई म्हणाल्या, “शिंपीदादा, नेमकं बोललात.” मी आठवडाभर शेफारून होतो.

समितीतली माझी मुदत संपल्यावर मीही त्या संशोधनात तपासायला रक्त दिलं. बाबा तरुणपणीच गेले, त्यांच्यात ते होतं की नाही कुणास ठाऊक. म्हटलं, कळू दे. निकाल सांगणारी मुलगी फार सभ्य होती. तिने पाणी दिलं आणि माझाच नियम मला वाचून दाखवला. मग दुकानात येऊन मी दोन विजारी बेतल्या. काही वाटलं नाही. अजून वाटत नाही. दात बधिर केल्यावर गाल चाचपावा, तसं चाललंय.

आत्याला भेटून परतताना तू म्हणाली होतीस, “असलं काही निघालं तर मला सांगू नकोस हं दादा.” विसरलो नाही. पण तेव्हा बाळाची गोष्ट नव्हती.

म्हणून नियमाप्रमाणे विचारतो, तुला जाणून घ्यायचंय का?

लिहिलं आणि पेन थांबलं. विचारलं की सांगितलंच ना गं. त्या टेबलाभोवती इतकी शिकलेली माणसं, कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. पत्र फाडायला घेतलं होतं, पण मग बाळाचं तू आंधळेपणाने ठरवलं असतंस.

तुझ्यात ते असेल, नसेलही. तपासायचं की नाही, ते तूच ठरव. मी पुन्हा विचारणार नाही. माझे हात अजून स्थिर आहेत. अंगडं शिवायचं असेल तर लवकर कळव.

विचारायला गेलेला आणि सांगून बसलेला,
तुझा दादा