रशीदचाचांचा अंगठा

रविवार, सावेडी

रशीदचाचांचा अंगठा काही डोक्यातून जात नाही.

किल्ल्यावरच्या तोफा बघून हातभर लांबीच्या तोफा करायची माझी हौस. सगळ्या मीच लेथवर कातलेल्या, एक तेवढी ओतकाम करणाऱ्या चाचांनी पितळेत ओतून दिलेली. त्यांची शेवटची. नंतर त्यांची नजर पार गेली. आज घरी आले आणि म्हणाले, "माझी कुठली ते सांगू नका." फळीवरच्या एकेका तोफेवरून अंगठा फिरवला. स्वतःच्या तोफेवरूनही फिरवला, आणि पुढे गेले! "न्हाई सापडत, भाऊ."

कशी सापडणार? ओतताना तिच्या तोंडाशी खड्डा पडला होता. चाचांना तो दिसला नसणार असं धरून मी गुपचूप पुट्टी भरली, वर काळा रंग मारला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून? की माझी फळी देखणी दिसावी म्हणून? दोन्ही असेल.

शेवटी कबूल केलं. चिडतील वाटलं होतं. "काढा ती," एवढंच बोलले. स्क्रू-ड्रायव्हरनं पुट्टी खरवडली, त्यांचा हात धरून तिथं नेला. अंगठा खड्ड्यात बरोबर बसला.

"व्हय, ही माझी. हा खड्डाच तर शोधत हुतो."