रानबाईचा स्वेटर

लाँगबेर्ग, १८ नोव्हेंबर

लाडक्या तूवा,

बरी असशील, वेळेवर जेवत असशील. इथे बर्फ पडायला लागलाय. शेजारच्या ओल्लेने एल्क हरणाचं मांस आणून दिलं. फ्रीजर भरलाय आणि खाणारी मी एकटी.

आपल्या पप्पांचा अंत्यविधी शुक्रवारी आहे. ‘ज्यांना माझी लाज वाटायची, त्यांच्या शवपेटीपुढे उभी राहून काय करू?’ असं तू फोनवर म्हणालीस. त्याचं उत्तर लिहितेय.

टीव्हीवरच्या मालिकेत तू रानबाई, लोकांना वाट चुकवणारी ती जंगलातली बया, झालीस तेव्हा ते चिडले, हे खरंच. ‘आजीच्या गोष्टीतली रानबाई आपली पोकळ पाठ झाडाला टेकवून लपवायची. हिने तर उघडीच टाकलीय! आणि शेपूट कुठाय?’ पण नंतर दर रविवारी टीव्हीसमोर त्यांचीच खुर्ची आधी लागायची. पुढे विसरायला लागले, तसं ते नाटक आहे हेही विसरले. ‘पोरगी बर्फात उघड्या पाठीने उभी आहे, आणि तू खुशाल कॉफी ढोसतेयस?’ असं माझ्यावर खेकसायचे. मला हसू यायचं.

ते जंगलात कसे गेले, असं तू विचारलंस. मी ‘भरकटले’ म्हटलं आणि विषय बदलला. तुला सांगणारच नव्हते. मी दुकानात गेले, तेवढ्यात ते तुला शोधायला निघाले गं. तुझा जुना निळा स्वेटर घेऊन.

सापडले तेव्हा कोट उलटा होता, अस्तर बाहेर. डॉक्टर म्हणाले, थंडीने भान जातं, माणूस काहीही करतो. पण मला ठाऊक होतं. रानबाईने वाट चुकवली की कोट उलटा घालायचा, म्हणजे घर सापडतं, हे आजीने आपल्यालाही शिकवलंय. पप्पा सगळं विसरले होते, पण त्यांना घरी यायचं होतं.

स्वेटर त्यांनी स्वतः घातला नव्हता. घडी करून कोटाच्या आत छातीशी धरला होता. एवढ्या थंडीत, तूवा! तो कोरडा होता. हे लिहितानाही मला रडू आवरत नाहीये.

तुला दोष देत नाही. फक्त लाजेचं तेवढं मनातून काढून टाक. स्वेटर दारामागच्या खुंटीला आहे. शुक्रवारी चर्चमध्ये गारठा असेल. ये, आणि तो घाल.

तुझी वाट बघणारी, आता एकटीच,
तुझी बहीण इंगेला