थुईच्या वाटचा चमचा

मी, प्यो ओक-बुन, वय ८१, राहणार वांदो बेट, दक्षिण कोरिया, प्रभूच्या कृपेने पूर्ण शुद्धीवर असून कोणाच्याही दडपणाशिवाय हे स्वहस्ते लिहिते. अक्षर वाकडं आहे, डोकं ठिकाणावर आहे.

१. राहतं घर व मागची परसबाग माझी व्हिएतनामी सून थुई हिला मिळावी. दिराचा मुलगा दोक-सू म्हणतो, "काकू, परकी बाई ती! घर विकून माहेरी पळेल." पळू दे. सहा वर्षं मी अंथरुणाला खिळून होते, तेव्हा माझं सगळं हिनेच केलं; तू कुठे पळाला होतास रे बाबा?

२. हे का, तेही नमूद करते. आमच्या मंडळीत रोज भात लावताना घरातल्या माणशी एक चमचा तांदूळ देवाच्या पिशवीत टाकतात. रविवारी पिशवी चर्चमध्ये जाते, तिथून गरजूंच्या घरी. माझा मुलगा जे-ग्युन थुईशी लग्न करून आला, तरी मी दोनच चमचे टाकत राहिले, त्याचा आणि माझा. तिला मी घरातलं धरलंच नाही. एक दिवस पाहते तर ही तिसरा चमचा टाकतेय आणि स्वतःला भात कमी वाढून घेतेय. मी खेकसले, "तुला कोणी सांगितलं गं?"

"आई, तुम्ही विसरता, म्हणून मी टाकते."

विसरले नव्हते गं पोरी, मुद्दाम टाकत नव्हते.

पुढे जे-ग्युन बोटीसकट बुडाला. त्या हिवाळ्यात घरात दाणा उरला नाही, तेव्हा चर्चचे पाळकसाहेब तीच पिशवी भरून दारात आले. पहिला घास घेतला आणि मनात आलं, यात थुईचाही चमचा आहे. मला रडूच फुटलं. देवाने दिलं ते वाटते, असं जन्मभर मिरवलं, आणि माझ्याच चुलीपाशी हात आखडला. थुई, मला माफ कर. तोंडाने कधी जमलं नाही.

३. समुद्री शेवाळ पिकवायची जाळी व बँकेतली शिल्लक दोक-सूला. तोंडाळ आहे मेला, पण माझ्या हातचं जेवून मोठा झालाय. घरावरून थुईशी भांडलास तर याद राख.

४. तांदळाचा रांजण, पिशवी आणि चमचा थुईला. मी गेल्यावर एकटीपुरता भात लावशील, तेव्हाही पिशवीत दोन चमचे टाक. मला घरातलं धर.

साक्षीदार: पाळक बांग ह्योन-से, शेजारीण चू माल-सुन

सही व लाल मोहोर: प्यो ओक-बुन
वांदो, २ मार्च २०१९