धुराड्यापाशी बुडवलेली झाडं

रात्रभर डोळा लागला नाही. आज दुपारी माझं सिझर आहे. बाळाची वार खाली आलीये, रक्त खूप जाऊ शकतं असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे एक कारण. दुसरं कारण एक फोटो. खरं सांगते, फोटोनंच जास्त जागवलं.

मी शेल्बी अ‍ॅन प्रुइट, वय चोवीस, राहणार हॅची फोर्क धरणाच्या काठी, अलाबामा. माझं डोकं ठिकाणावर आहे. कोणी दाबून लिहून घेत नाहीये. शाळा नववीत सुटली, म्हणून चुका असतील त्या पोटात घाला. शेजारच्या ओपलमावशी समोर कॉफी पीत बसल्यात. मी दवाखान्यातून परत आले नाही, तर पुढं लिहिलंय तसं करावं.

घर भाड्याचं आहे, त्याचं काही लिहायचं नाही. आजीचा बिडाचा तवा माझ्या लेकीला, टेसीला. तो साबणानं घासायचा नाही, हे तिच्या बापाला दहादा सांगून झालंय.

मासे धरायची नाव बाबांनी जाताना माझ्या नावावर केली. तीही टेसीची. ती मोठी होईपर्यंत माझा भाऊ हॉलिसदादा वापरेल. माझा नवरा लेन मागच्या खुर्चीत बसू शकतो. पुढची खुर्ची माझी. पुढं बसणारा पाणी वाचतो आणि नाव वळवतो. तिथं कॅन्डिसनं बसायचं नाही.

ओपलमावशी वाचतायत. म्हणाल्या, "असलं लिहितात होय गं मृत्युपत्रात?"

"खुर्ची माझी आहे, मावशी."

"मेल्यावर खुर्चीचं काय घेऊन बसलीस!"

"ती बसलीये ना आत्ताच. मी अजून मेले पण नाही."

कॅन्डिस मासेमारीच्या आमिषाच्या दुकानात गल्ल्यावर असते. दर वसंतात इथं बास माशाची जोडीची स्पर्धा होते, एक बाई एक बुवा. चार वर्षं लेन आणि मी. यंदा लेन म्हणाला, "या पोटानं तू नावेत चढणार का? जोडी तर लागतेच." मी म्हटलं, जा. शनिवारी आला तो हसतच. कॅन्डिसला साडेआठ पौंडाचा लागला. मी विचारलं कुठं, तर म्हणाला, "खाली, धरणाच्या भिंतीपाशी."

मग दुकानानं फोटो टाकला. कॅन्डिसच्या अंगात माझं हिरवं जाकीट. हातात माझी गळाची काठी. आणि तिच्या खांद्यामागं पाण्यातून वर आलेलं, धरणात बुडालेल्या घराचं विटांचं धुराडं.

त्या धुराड्यापाशी बाबा, दादा आणि मी दर जानेवारीत नाताळची टाकून दिलेली झाडं सिमेंटच्या ठोकळ्याला बांधून माशांना आडोसा म्हणून बुडवायचो. अंडी घालायच्या आधी मोठ्या माद्या तिथंच थांबतात. ती जागा घरच्या माणसांची. बाबांचा नियम होता, तिथं मासा लागला की आधी नाव फिरवायची, पाठीशी नुसतं उघडं पाणी, मगच फोटो. लेनला हे माहीत होतं. हसण्याच्या नादात विसरला. आता धुराड्याला रोज नावा चिकटलेल्या असतात.

दादानं फोटो बघून फोन केला. "बाबांच्या झाडांवर तू परक्या बाईला धाडलंस?"

"दादा, मी नाही रे—"

"नवरा तुझा, नाव तुझी. मला फोन करू नकोस."

तेव्हापासून माझा नंबर बघितला की उचलत नाही.

त्या दोघांत काही आहे की नाही, मला माहीत नाही. लेन म्हणतो, "अगं, मासाच धरला ना?" पण माझा आजवरचा सगळ्यात मोठा सात पौंडाचा. तिला माझ्याच झाडांत साडेआठचा लागावा! ती मादी मी दोन वर्षं बघत होते. माझा जीव नुसता जळतो. जाकीट ठेव म्हणावं तिला, तिच्या घामाचं मला नको. काठी मात्र परत आणायची.

टेसीला आणखी हे. डॉगवूडच्या झाडाची पांढरी फुलं उमलली की उत्तरेकडच्या काठाला जायचं, तिथलं पाणी आधी तापतं. ढग आणि वारा असेल तर ज्या काठावर वारा आदळतो तिथं तांबड्या झिंग्यासारखं आमिष टाकायचं. मधेच थंडी परतली तर मासे जरा खोल सरकतात. मग रबरी गांडूळ तळाला ठेवायचं आणि हलवायचंच नाही. तुला वाटेल आता पुरे, त्याच्याही नंतर थोडं थांबायचं.

आणि आळ्यावरचा नर धरलास तर लगेच तिथंच सोडायचा. नर शेपटीनं तळाशी आळं करतो, मादी अंडी घालून निघून जाते. मग तोच राखण करतो, खातसुद्धा नाही. त्याला उचललं की बारके मासे सगळी अंडी खाऊन टाकतात.

मला हे लिहिताना रडू आलं. लेन वाईट बाप नाही. पण फुलं उमलली की त्याचा पाय घरात ठरत नाही, आणि मग माझी पोरं कोण बघणार, कॅन्डिस? तिच्या कडेवर टेसी नको. ओपलमावशी म्हणतात, बाप असताना कायदा बापाचाच. असू दे. माझी इच्छा अशी की टेसी आणि पोटातलं हॉलिसदादाकडे वाढावं, लेननं वाटेल तेव्हा येऊन भेटावं. दादाला हे अजून माहीत नाही. त्यानं हो म्हटल्याशिवाय हा कागद काही कामाचा नाही.

सही: शेल्बी अ‍ॅन प्रुइट
साक्षीदार: ओपल टिडवेल. त्यांची बहीण व्हर्नेल टिडवेल.
हॅची फोर्क, अलाबामा. सात एप्रिल, मंगळवार, सकाळ.

हे जो कोणी वाचेल त्यानं हॉलिसदादाला फोन करा. नंबर फ्रिजवर आहे. माझ्या फोनवरून नको, तुमच्या फोनवरून करा. आधी सांगा, धुराडं मी दाखवलं नाही. मग पोरांचं विचारा. मी जगले असले तरी करा.