आईच्या खोलीचं तापमान

शनिवार, २० जानेवारी, दु. ४.१५

ओढला तेव्हा पूर्ण बाहेर आला. मोजा. लोकरीचा, राखाडी, माझाच. आईच्या खोलीतल्या उत्तरेच्या खिडकीत, माझ्या थर्मामीटरच्या वायरला लागून कोंबलेला होता. मोजा आपल्या पायाने खिडकीत जात नाही. कोणाचा तरी हात आहे.

जप्त केला. कपाटात, खालच्या कप्प्यात.

बाहेर उणे ४, या डोंगराळ मुलखात जानेवारीत असतंच. आत १२.

संध्या. ६.००

नोंद राहावी म्हणून लिहितो. थर्मामीटर कोल्ड स्टोरेजमधला आहे, जुना पण खात्रीचा. आकडे दाखवणारी डबी आईच्या टेबलावर, वायरचं टोक खिडकीतून बाहेर. त्यामुळे खिडकी बोटभर उघडी राहते, त्याला इलाज नाही. बाहेरचं कळल्याशिवाय आतलं कळून उपयोग काय. उत्तरेला ऊन येत नाही, म्हणून आकडा शुद्ध मिळतो.

गेल्या रविवारी मोजायला लागलो आणि नेमकं त्याच दिवसापासून घर गार पडत चाललंय. मोजलं नसतं तर कळलंही नसतं.

बायको म्हणाली, खिडकी लावा. आठवड्यातली ही नववी वेळ. एखाद्याला आकडाच नको असेल, तर त्यामागे काहीतरी असतं.

मग म्हणाली, आईंचा खोकला ऐकताय ना. उद्या सहापर्यंत त्यांची खोली अठरावर आली नाही, तर त्या धाकट्या भाऊजींकडे जातील. मी बोलून ठेवलंय.

बोलून ठेवलंय. म्हणजे कधीपासून?

धाकट्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीतून गरम पाणी फिरतं. तो जानेवारीत बनियनवर असतो आणि फोन करून तसं सांगतो. आई तिकडे गेली की परत यायची नाही. बाबा गेल्यापासून ती माझ्याकडे आहे. मी थोरला आहे.

अठरा म्हणजे काही अवघड नाही, खोलीत हीटर आहेच. अकरा वर्षं चारशे टन बटाटे एका आकड्यावर ठेवतोय. ही तर चार खोल्यांची जागा.

रविवार, २१ जानेवारी, स. ७.००

बाहेर उणे ७. आत ११. उठवत नव्हतं, उठलो.

योजना: प्रत्येक दारावर तक्ता. नाव, आत किती वाजता, बाहेर किती वाजता. दार पंधरा सेकंदांपेक्षा जास्त उघडं नको. कामावर हीच पद्धत. ऊब कुठून गळते ते दुपारपर्यंत सापडेल, आणि कोण गाळतंय तेही.

स. ९.३०

तक्ते तपासले. बायकोने काही लिहिलेलं नाही. मुलीने बाथरूमच्या दारावर नावाच्या जागी ‘बटाटा, ४६ किलो’ लिहिलंय. विचारलं तर म्हणाली, बाबा, प्रतवारी पण लिहू का? पंधरा वर्षांच्या मुलीला एवढं हसू येतं, म्हणजे तिला काहीतरी ठाऊक आहे.

आईने वेळा अचूक भरल्या आहेत. आईचा संशय घ्यायला मन धजत नाही. पण अचूकपणाच खटकतो.

स. १०.१०

खिडकीत टॉवेल. जप्त.

मोजा माझा, टॉवेल बायकोचा. म्हणजे माणसं निदान दोन. मला वाटतं, धाकट्याला खूण असावी. समोरच्या रस्त्यावरून गाडीतून दिसेल अशी.

स. ११.४५

स्वयंपाकघराच्या दाराला कामावरून आणलेली रबरी पट्टी बसवली. दार इतकं घट्ट बसलं की उघडेना. बायको आत होती.

आरडाओरडा केला नाही. आतून शांतपणे म्हणाली, अहो, मी इथे गॅसजवळ मजेत आहे, तुम्ही बाहेर सांभाळा.

दु. १२.५०

बिजागऱ्या काढून दार उतरवलं. परत बसत नाही. भिंतीला टेकवून ठेवलंय. तात्पुरतं.

आत १०.

दु. २.३०

आई फोनवर होती. पॅसेजमधून जाताना कानावर आलं: सकाळी लवकर ये, तो उठायच्या आत. उगाच तोंडावर नको, लागेल त्याला.

मला पाहून फोन ठेवला. कोण म्हणून विचारलं, तर राँग नंबर म्हणाली. राँग नंबरशी कोणी नऊ मिनिटं बोलत नाही.

म्हणजे संध्याकाळचे सहा वगैरे नुसतं दाखवायला. सगळं आधीच ठरलंय.

दु. ३.४०

खिडकीत मफलर. आईचा, तपकिरी. आई समोर पलंगावर दोन स्वेटर घालून बसलेली. काढताना बघत होती. खोकला थांबल्यावर म्हणाली, अरे, तुझ्या बटाट्यांना निदान पोतं तरी असतं.

हा टोमणा होता की कबुली, ते ठरवता आलं नाही. मफलर कपाटात ठेवला.

संध्या. ६.००

बाहेर उणे ६. आत १०.

बायकोने आकडा माझ्याकडूनच मोठ्याने वाचून घेतला. मग आईच्या खोलीत गेली. बॅगेची चेन वाजली.

मी हरलेलो नाही. एक दिवस कमी पडला, आणि घरातली माणसं फितूर निघाली.

संध्या. ७.३०

नवी योजना. उद्या पहाटे पाचला उठायचं. खुर्ची मुख्य दाराला लावून बसायचं. धाकटा आला की तक्ते समोर ठेवायचे. आकड्यांपुढे तो काय बोलणार. आईला मग मीच सांगेन, राहा.

गजर लावला. पाचचा, पाच पाचचा, पाच दहाचा.

आज अंगाला बरं वाटतंय. जेवल्यामुळे असेल. आईला सांगायला गेलो तर दार आतून लावलेलं. तक्त्यावर तिने लिहून ठेवलंय: आत, ७.१०.

सोमवार, २२ जानेवारी, स. ८.२०

गजर तिन्ही वाजले असावेत. आठवड्यात पहिल्यांदा गाढ झोप लागली. पांघरूण पायाशी पडलेलं.

धाकटा सहाला येऊन गेला. बायको म्हणाली, आईंनीच उठवू दिलं नाही.

आईच्या दारावरचा तक्ता: बाहेर, ६.०५.

खोलीत वायर गुंडाळून टेबलावर. खिडकी बंद. डबीखाली चिठ्ठी: वायर मीच काढली काल संध्याकाळी, रागावू नकोस. मफलर तुझ्या कपाटात आहे तो राहू दे, सकाळी कामावर जाताना घाल.

आत १८.

बाहेर किती, ते कळायला मार्ग नाही.